नवव्या ब्राउनवरची पावलं

सोलापूर
गुरुवार, दुपारची सुट्टी

प्रिय शुभदा,

तुझी नोटीस मिळाली. शाळेच्या पत्त्यावर पाठवलीस ते बरं झालं. घरी आली असती तर आबांनीच आधी फोडली असती आणि चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवली असती. मी ती मैदानावर उभ्या-उभ्या वाचली. सातवीच्या मुली खो-खोचे खांब रोवत होत्या. एकीनं विचारलंसुद्धा, "बाई, कुनी गेलं का?" माझा चेहरा तसा झाला असणार. म्हटलं, नाही गं, मैत्रिणीचं पत्र आलंय.

पण ते पत्र नव्हतं. 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सभासदत्वाबाबत विचार करण्यात येईल.' खाली मानद सचिव म्हणून तुझी सही. मुद्दे तीन. एक, रविवारच्या गोल्फ स्पर्धेत खेळाडू नसलेल्या व्यक्तीस कार्टमध्ये बसवले. दोन, सदर व्यक्ती माजी कॅडी असून तिला मागच्या पायरीवर उभे न करता पुढच्या आसनावर बसवले. तीन, नवव्या ब्राउनवर खेळ संपल्यावर फळी ओढली नाही. सदर व्यक्ती! शुभदा, सदर व्यक्तीला, माझ्या आबांना, तू चौथीपर्यंत जालूमामा म्हणत होतीस.

खुलासा देते. पण क्लबच्या नावानं नाही, तुझ्या नावानं. सगळं नीट सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि तिथं तुझ्याशिवाय माझ्याबरोबर येणारं आता कोणी उरलेलं नाही.

दिवाळीत उर्वी पहिल्यांदा आपल्या मैदानावर आली होती, आठवतंय? तुझी लेक पुण्यातली, तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मावशी, गवत कुठाय?" मी तिला समजावलं, बाळा, ही वळसंगच्या वाटेवरची माळाची जमीन, इथं गिरणीच्या साहेबांनी एकेकाळी मुरुमावर नऊ होल आखले. गवताला पाणी कुठून आणणार? म्हणून होलभोवती तेल मुरवलेली बारीक वाळू पसरतात, तिला ब्राउन म्हणायचं. तिच्यावर पाऊल पडलं की उमटतं. उमटलं की पुढच्याचा चेंडू वाकडा जातो. म्हणून खेळून झालं की दोरीला बांधलेली लाकडी फळी वाळूवरून गोल-गोल ओढायची आणि सगळं पुन्हा सारखं करायचं. "कोण ओढतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यात शेवटी जो राहतो तो. तेव्हा सहज बोलून गेले. नंतर बरेच दिवस ते मनात राहिलं. चाळीस वर्षं सगळ्यात शेवटी आबा राहिले. साहेब पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिथं, निघायचे आणि आबा पाठमोरे चालत त्यांच्या बुटांचे ठसे पुसायचे, शेवटी स्वतःच्या चपलांचेही. त्या मैदानावर त्यांच्याइतकं कोणी चाललं नसेल, आणि त्यांचं एकही पाऊल तिथं दिसलेलं नाही.

आपण सहा-सात वर्षांच्या होतो. रविवारी तू तुझ्या बाबांबरोबर, वेणीमाधवकाकांबरोबर, जीपमधून यायचीस, पांढरी टोपी, पांढरे मोजे. मी आबांच्या सायकलच्या कॅरिअरवरून. पाचव्या होलपर्यंत तू छान चालायचीस. मग तो बाभळीचा चढ आला की हात वर करून हुकूम सोडायचीस, "जालूमामा, खांदा!" काका हसायचे. आबा एका खांद्यावर बॅग घ्यायचे, दुसऱ्यावर तू. मी मागं पाण्याची बाटली घेऊन. तू वरून मला सांगायचीस, प्रतिक्षा, ते बघ, ससा! मला ससा कधी दिसला नाही, मी खालून बघत होते ना. तुझ्यावर राग नव्हता. अजूनही नाही. मला फक्त आठवतं की मी तिथं कधी 'आबा, खांदा' म्हटलं नाही. घरी म्हणायचे, मैदानावर नाही. कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला कळत होतं.

सोमवारी मैदान बंद असायचं आणि बॅगा वाहणाऱ्या कॅडींना खेळायला मुभा होती. आबांजवळ साहेबांनी टाकून दिलेली एक सात नंबरची काठी होती, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. त्या एकाच काठीनं ते सगळं खेळायचे, लांबचं, जवळचं, ब्राउनवरचंसुद्धा. शाळेला दांडी मारून मीही जायचे. मी खेळ सोमवारी शिकले, अनवाणी. मोठी झाले, खेळाची शिक्षिका झाले, जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून खेळले, आणि एक दिवस काकांनीच सभासदत्वाचा अर्ज माझ्यापुढं ठेवला. दोन सभासदांच्या शिफारशी लागतात. पहिली सही काकांची. दुसरीसाठी त्यांनी कमिटीतल्या एकेकाला गाठलं होतं, हे मला फार नंतर कळलं. काका गेले त्या दिवशी मी रडले ते काही तुझ्या सांत्वनासाठी नव्हतं, शुभदा. माझंही कोणी गेलं होतं.

काका कधी गाडीत बसले नसते. "गोल्फ हातानं नाही, पायानं खेळतात, बेबी," म्हणायचे. जमीन कुठं कडक, कुठं भुसभुशीत, वारा कुठून, हे तळव्यांना कळतं म्हणायचे. मी ते वाक्य मंत्रासारखं जपलं. म्हणूनच गेल्या वर्षी त्या बॅटरीगाड्या, म्हणजे कार्ट, पुण्याहून आल्या आणि सर्वसाधारण सभेत ठराव आला, की स्पर्धेला सगळ्यांनी गाडीतूनच फिरायचं, खेळ लवकर उरकतो, उन्हाचा त्रास होत नाही, तेव्हा मी उठून उभी राहिले. तू व्यासपीठावर होतीस. मी काकांचं वाक्य म्हणून दाखवलं. मग म्हणाले, माझे वडील या माळावर चाळीस वर्षं चालले, त्यांच्या चालण्याचा अपमान मी होऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. ठराव बदलला: दोघांच्या जोडीला एक गाडी मिळेल, पण ज्याला चालायचं त्यानं आपली बॅग आपण उचलून चालावं. तू खाली येऊन माझा हात दाबलास. म्हणालीस, बाबांना आवडलं असतं.

मी हवेत तरंगत घरी गेले. आबा अंगणात बाजेवर बसले होते, गुडघ्यांना तेल चोळत. त्यांचे गुडघे नऊ वर्षांपूर्वीच गेले. तेव्हापासून त्यांनी मैदान पाहिलेलं नाही. फाटकापर्यंत रिक्षा जाते, पण फाटकातून पहिला होलसुद्धा धड दिसत नाही. मी सगळं भाषण त्यांना पुन्हा करून दाखवलं. ते ऐकत राहिले. तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "समद्यांला इचारलंस. मला इचारलंस का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, बरं, आता विचारते. तुम्हाला काय वाटतं?

"मला त्या गाडीत बसायचं हाय," आबा म्हणाले.

आतून आई म्हणाली, "बसा की मग. गुडघं नवं आना आन् बसा." आबा हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, वेणीमाधव सायेब देवमानूस, पर ते मोकळ्या हातानं चालायचे. मोकळ्या हातानं चाललं की चालनं लई ग्वाड लागतं. माज्या दोन्ही खांद्यावर दोन सायबांच्या बॅगा असायच्या. मला काय हौस न्हवती गं. गाडी असती तर मी पयल्यांदा बसलो असतो."

आता सांग, शुभदा, माझं काय झालं असेल? ज्या माणसाच्या नावानं मी टाळ्या घेतल्या, त्यालाच मी विचारलं नव्हतं. काकांचं सुख मी आबांच्या पायांना चिकटवलं आणि त्याला अभिमान म्हणाले. दोघं एकाच माळावरून, एकाच चालीनं चालत होते, म्हणून मला वाटलं दोघं एकच चालत होते. अशी चूक तू केली असतीस तर मी समजू शकले असते. पण मी? मी तर मागून, बाटली घेऊन, सगळं बघत होते.

म्हणून रविवार. काकांच्या नावाच्या चषकाची स्पर्धा. माझी जोडी डॉक्टर सुबोधशी लागली. सुबोधची पाठ दुखते, तो गाडीत बसणार, मी चालणार. म्हणजे गाडीतली एक जागा रिकामी. माझी जागा, शुभदा. मला मिळालेली, मी न वापरलेली. मी आबांना म्हटलं, चला.

सकाळी आईनं पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली आणि दारात उभी राहून म्हणाली, "नवरदेव निघाला का काय? नवरी कोन हाय ते तरी सांगून जावा." आबांनी टोपी घातली, आरशात बघितली, काढली, पुन्हा घातली. टेकायची काठी घेतली. फाटकाशी सोमशेखर भेटला, आता कॅडींचा मुकादम. आबांना सुबोधशेजारी बसताना बघून त्यानं दोन्ही हात जोडले, कानडीत या-या केलं. "बर्री, बर्री! जालिंदरा, सायेब झालास की लेका!" आबा म्हणाले, "सायेब न्हाय रं. पाव्हना हाय. चा पाज." सगळे कॅडी हसले. एकानं गाडीला सलाम ठोकला. आबांनी तो घेतला बरं का, चांगला कपाळापर्यंत हात नेऊन.

मग मी बॅग खांद्यावर टाकली आणि निघाले. आबा बाजूनं गाडीत. मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वर बघावं लागलं नाही आणि खालीही नाही. ते सारखे सुबोधला सांगत होते, "डाक्टर, हितं दाबा, हितं दगूड हाय," आणि तिथं खरंच दगड असायचा, नऊ वर्षांत तोही जागचा हलला नव्हता. पाचव्याला, त्या बाभळीच्या चढावर, गाडी घरघरत वर चढली आणि आबांनी डोळे मिटून घेतले. उतारावर हळूच म्हणाले, "बॅटरी लई चांगली हाय." मी खूप चांगली खेळले असं नाही. चौथ्यावर चेंडू झुडपात घातला. पण आबा गाडीतून ओरडले, "खांदा पाड की गं!" आणि मला एकदम सोमवार असल्यासारखं वाटलं.

आता तुझा तिसरा मुद्दा. नवव्यावर माझं संपलं. मी फळी उचलायला वळले तर आबा गाडीतून उतरत होते. सुबोध म्हणाला, आबा, सांभाळून. आबांनी माझ्याकडे हात पुढं केला. मी ब्राउनवर मारायचा पटर दिला. चेंडू दिला. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ते ब्राउनवर आले. शर्टाची इस्त्री मोडली होती. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, पाय लावले, आणि मारला. चेंडू वीतभर बाजूनं गेला. आबा म्हणाले, "हात तुज्या!" आणि दुसऱ्यांदा घातला. टपकन आवाज झाला. तो आवाज तू ओळखतेस. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे चेंडू त्या भोकातून काढून दिले, रविवारी त्यांनी स्वतःचा काढला आणि शर्टाला पुसला.

आणि मग, शुभदा, त्यांचा हात सवयीनं फळीकडे गेला. पाठमोरे होऊन त्यांनी दोरी धरलीसुद्धा. मागं तुमची जोडी थांबली होती, आबांना घाई होती. तुम्हाला जागा करून द्यायची होती. मी त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. फळी लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. म्हटलं, असू द्या आबा. ते म्हणाले, "आगं, उमाटल्यात की." म्हटलं, उमटू द्या.

वाळूवर त्यांचे रुंद पाय होते, डावा थोडा फेंगडा, आणि शेजारी काठीचे गोल गोल ठिपके. गाडीत बसल्यावर आबांनी मान वळवून एकदा तिकडं बघितलं.

तू पुढं आलीस. तुझा चेंडू होलपासून दोन हातांवर होता. आत गेला असता तर काकांचा चषक तुझा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या चेंडूच्या आणि होलच्या बरोबर मधे आबांच्या टाचेचा खड्डा होता. तो तिथं होता याला मी जबाबदार आहे. तुझा चेंडू त्यात वळला, तुझा एक फटका वाढला आणि वडिलांच्या नावाचा चषक दुसऱ्याच्या घरी गेला. त्याबद्दल मी तुझी माफी मागते. तुझी. क्लबची नाही. क्लबला माझा खुलासा एवढाच: पहिला मुद्दा खरा आहे. दुसरा मुद्दा खरा आहे. तिसरा मुद्दाही खरा आहे. तिन्ही मी जाणूनबुजून केलं. पश्चात्ताप नाही. सभासदत्वाचा विचार जरूर करावा.

आणि तरीही मी चालणार आहे, हे ऐकून ठेव. काकांमुळे नाही, आबांमुळेही नाही. मला मुरुमाचा तो करकर आवाज आवडतो, म्हणून. बॅगचा पट्टा खांद्याला काचतो, पण बॅग माझी आहे. चाळिशी उलटल्यावर एवढं कळलं की चालणाऱ्यानं बसणाऱ्याला कमी लेखायचं कारण नाही, आणि कोणी चालायचं, कोणी बसायचं, कोणी मागच्या पायरीवर लोंबकळायचं, हे तिसऱ्यानं ठरवायचं नाही. ते क्लबच्या फलकावर लिहिलंय ना, 'कॅडीने मागील पायरीवर उभे राहावे', ते जोवर तिथं आहे तोवर मी दर स्पर्धेला माझी जागा कोणाला तरी देत राहीन. पुढच्या वेळी सोमशेखरला देईन. त्याचीही साठी उलटली आहे.

आता जे लिहायला मी हे पत्र काढलं ते. तुझ्या नोटिशीत तीन मुद्दे आहेत, पण चौथा नाही. तुझा फटका गेला, चषक गेला, त्याबद्दल एक अक्षर नाही. कमिटीतल्या कोणीही ते पहिलं लिहिलं असतं. मी दोन दिवस विचार करत होते, का नसेल लिहिलं? मग आठवलं. आपल्या नियमाप्रमाणे मारायच्या आधी आपल्या चेंडूसमोरची वाळू एकदा फळीनं सारखी करता येते. फळी तुझ्यापासून चार पावलांवर होती. तुझ्या जोडीदारानं तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलं, मी सुबोधच्या गाडीपाशी उभी राहून बघत होते. तू फळीकडे बघितलंस. मग वाळूवरच्या त्या पावलांकडे, बराच वेळ. आणि तशीच खेळलीस. ती पावलं तू ओळखलीस ना, शुभदा? वरून, खांद्यावरून तू ती सगळ्यात जास्त बघितली आहेस. म्हणून सोबत एक कागद जोडते आहे. रविवारच्या खेळासाठी पाहुणा खेळाडू म्हणून श्री. जालिंदर यांच्या नावाचा अर्ज. आबा जन्मभर सोमवारी खेळले, आता रविवारी खेळायचं म्हणतात, गाडीत बसून, सात नंबरच्या त्याच काठीनं. पहिली सही मी केली आहे. माझ्या अर्जावर काकांची होती त्याच जागी. दुसरी जागा रिकामी ठेवली आहे. कर किंवा नको करूस. रविवारी साडेसहाला आम्ही पहिल्या टीवर असू, आबा गाडीत, मी बॅग घेऊन खाली. आणि बाभळीच्या चढावर तू माझ्याबरोबर चालत आलीस, तर मला तो ससा एकदा दाखव.

तुझीच, अजूनही तुझीच,
प्रतिक्षा